नखाचं मूळ

करकंब
१२ जानेवारी २०२५

मामा,

पाया पडते. तुम्हाला फोन करून उपयोग नाही, पस्तीस वर्षं मागांच्या खडखडाटात राहून कान घालवलेत, आणि मोबाइलवरचं वाचा म्हटलं की तुमचा चष्मा हरवतो. म्हणून पत्र. तुमच्याशी भांडायलाही मला पोस्टाची वाट बघावी लागते.

काल धनलक्ष्मी आली होती. माझी हॉस्टेलची मैत्रीण, सोलापुरात शाळेवर आहे, तुम्ही तिला ओळखता. टोपलीत एक मांजर घेऊन एसटीनं आली. टॉवेलच्या कारखान्यामागच्या बोळात तिला सापडलं. मी चार वर्षं या दवाखान्यात गुरं बघतेय. शिंग मोडलेली, ट्रॅक्टरखाली आलेली, सगळी बघितली. पण टोपलीवरचं फडकं काढलं आणि मी दोन पावलं मागं सरकले. पुढच्या दोन्ही पंजांना नखं नाहीत. कापलेली नाहीत, मामा. बोटांची टोकंच तोडलेली. डाव्या पंजात अळ्या पडल्या होत्या. मी चिमट्यानं एकेक काढत होते आणि ते मांजर माझं मनगट चावत होतं. चावू दिलं. त्याच्याजवळ दातच उरले होते.

दुपारी मेलं.

धनलक्ष्मी म्हणते, तिनं बघितलेलं हे चौथं. चारही टॉवेलच्या कारखान्यांतली. आम्ही दोघींनी ठरवलंय, हे बंद पाडायचं. सह्या गोळा करतोय, पत्रकं छापलीत, अर्ज देणार आहोत. पण कोण करतं, कसं करतं, हे कुणी बोलत नाही. तुम्ही जॉबर. माग दुरुस्त करत अर्धं सोलापूर फिरलात. आई गेल्यावर आठ वर्षांच्या मला उचलून तुम्ही कुंभारीला आणलंत, तेव्हापासून मी काही विचारलं आणि तुम्ही सांगितलं नाही असं एकदाही झालेलं नाही. सांगा.

तुमची
वैजयंती

कुंभारी
२१ जानेवारी

वैजू,

पत्र पोचलं. तुजी मामी म्हनती, पोरगी डॉक्टर झाली का पोलीस. मी म्हनलं, दोनी.

आता माजं ऐक. तू गुरांची डॉक्टर हायस, गुरं बघ. कारखान्यातलं तुला काय म्हाईत? सुताला खळ लावल्याली असती. खळ म्हंजे पीठच की. उंदराला ती पुरनपोळी. एका दिसात मागावरचा सबंद ताना, उबं सूत, कुरतडून टाकत्यात. औषद घातलं तर मागाखाली मरून पडत्यात आन् सा दिवस वास. म्हनून मांजर लागतंय. पर मांजराला झोपाया टॉवेलाचा ढीगच पायजे. ढिगावर बसून पायांनी मळत ऱ्हातं. टॉवेलावर सुताचं बारीक फासं आसत्यात, लूप म्हनत्यात, त्यात नख आडकलं की वडतं, आन् एक लूप सुटला की वळीच्या वळी उसवती. माल दुय्यम. शेठ कामगाराच्या अंगावर जातो. मग मांजर ठेवायचं आन् नखं काडायची. दुसरं काय करनार, तूच सांग.

कोन करतं इचारतीस. मला म्हाईत न्हाय. येवडं खरं, की जानत्या मानसानं केलं तर जनावराला लई तरास हुत न्हाय. पोत्यात घालायचं, एक पाय भायेर काडायचा, पंजा दाबला की नख आपसूक पुडं येतं. तार तोडायची पक्कड मुळापातूर न्यायची आन् एका दमात दाबायचं. हळू दाबलं तर वाईट. पांडरं मूळ नखासंगं भायेर आलं पायजे. मूळ ऱ्हायलं तर नख वाकडं उगवतं आन् मांसात घुसतं. माज्या अंगठ्याचं तू बघितलंयस की. मागाच्या चक्रात नख गेलं, मूळ आत ऱ्हायलं, आठ वरसं ठनका. तसं जनावराला हू न्हाय म्हनून मूळ काडायचं. वर हळद आन् चुना. झालं.

तुज्या टोपलीतलं कुना आडान्यानं केलं आसंल.

आबासाहेब

करकंब
३ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. इतकं बारीक आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. कुणीतरी करत असताना तुम्ही उभं राहून बघितलं असणार, आणि नाव घ्यायची भीती वाटत असणार. मला कळतं. शरणबसवअण्णांच्या कारखान्यात तुमची बावीस वर्षं गेली, नाव सांगितलंत तर उद्या तुम्हालाच बाहेर काढतील. नका सांगू. मी शोधीन.

पण एक चूक दुरुस्त करते. ते मूळ नाही. ते हाड आहे. मांजराचं नख आपल्यासारखं कातडीवर बसलेलं नसतं, ते बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं. पांढरं जे बाहेर येतं ते बोटाचं शेवटचं पेर. तुमच्या दहाही बोटांची पेरं कुणी पकडीनं तोडली आणि वर हळद लावली, तर तुम्ही उद्या कामावर जाल का? एक्स-रेचे दोन फोटो पाठवतेय. एक धडधाकट मांजराचा, एक त्या मेलेल्याचा. खिडकीशी धरून बघा, कामगारांना दाखवा. दर पंधरा दिवसांनी नखांची नुसती टोकं नेलकटरनं कापली आणि ढिगावर ताडपत्री टाकली तरी माल वाचतो, तेही सांगा.

आणि ज्याच्या हातात ती पक्कड असते तो मला सापडू दे. त्याचाच हात धरून, त्याच पकडीनं, त्याची पेरं मी मोडणार. एकेक, सावकाश. कुठं दाबलं की जास्त दुखतं हे मला शिकवलंय कॉलेजात. तुम्ही म्हणाल पोरीला काय झालं. माझ्या मनगटावर अजून त्या मांजराच्या दातांचे व्रण आहेत, मामा. सकाळी अंघोळीला पाणी अंगावर घेतलं की झोंबतात.

वैजयंती

कुंभारी
९ फेब्रुवारी

वैजू,

फोटू बघितले. फोटूत काय बी दिसतंय. हाडागत दिसलं म्हनून काय हाड झालं? मूळच हाय ते. मी हातात धरून बघितल्यालं हाय, म्हंजे कुनाच्या तरी हातात बघितलंय.

पेरं मोडायची भाषा तुज्या तोंडाला शोभत न्हाय. त्यो बी मानूसच आसंल, त्याला बी घर आसंल. शेठ म्हनतो कर, तर करतो. उद्या त्यानं न्हाय म्हनलं तर दुसरा करंल, आन् त्यो आडानी आसंल.

आनी एक. कारखान्याकडं पत्रकं वाटाया येऊ नगा. मल्लिनाथासारकी पोरं डोक्यानं गरम हायत. उंदरानं ताना खाल्ला की त्यांची मजुरी कापत्यात, मांजराची दया त्यांला कुटनं येनार. सांगून ठेवतो, येऊ नगा.

मामीचं गुडगं दुकत्यात. तुजी आटवन काडती.

आबासाहेब

करकंब
२५ फेब्रुवारी

मामा,

तुम्ही येऊ नका म्हणालात, तरी धनलक्ष्मी गेली. शनिवारी शिफ्ट बदलताना तुमच्याच कारखान्याच्या दारात पत्रकं वाटत होती. मल्लिनाथनं मागावरचा धोटा फेकून मारला. धोट्याला लोखंडी टोक असतं हे तुम्हाला सांगायला नको. भुवई फाटली, आतलं हाड दिसत होतं, नऊ टाके पडले. ती खाली बसली तर दोघांनी लाथा घातल्या, पोटात आणि पाठीत. डोळा थोडक्यात वाचला. तिनं रक्तानं भिजलेली पत्रकं एकेक गोळा करून पिशवीत भरली आणि रिक्षा करून एकटी दवाखान्यात गेली. तीस-चाळीस माणसं बघत उभी होती. एक पुढं आला नाही. तुमची त्या दिवशी सुट्टी असणार. मी तिला तसंच सांगितलं, आमचे मामा तिथं असते तर कुणाची छाती झाली नसती.

एवढं झाल्यावर निदान अर्ज हलला. अकरा मार्चला, मंगळवारी, तुमच्या कारखान्याची तपासणी आहे. पशुसंवर्धन खात्याचे साहेब, पोलीस आणि मी. मांजरांचे पंजे जागेवर बघून पंचनामा करायचा. मांजरं सापडली की प्रकरण उभं राहतं, नाही सापडली तर सगळं मुसळ केरात. ही तारीख आम्हा तिघाचौघांनाच माहीत आहे. तुम्हाला लिहिते आहे, कारण त्या दिवशी तुम्ही कारखान्यात असायला हवेत. मी बोलताना धीट वाटते, पण धनलक्ष्मीचा चेहरा बघून आल्यापासून मला झोप नाही. तुम्ही शेजारी उभे असलात की मी नीट काम करीन.

कुणाला बोलू नका.

वैजयंती

कुंभारी
१६ मार्च

वैजू,

तू अकरा तारखंला आलीस आन् कारखान्यात एक बी मांजर न्हवतं. तू माज्याकडं बघितलंस. मी पाना घिऊन मागाखाली शिरलो. साहेब तुला सगळ्यांम्होरं म्हनाला, मॅडम, मांजरं कुटं हायत. तू खाली मान घालून गेलीस.

तारीक मी फोडली. मीच अण्णाला सांगितली. आता सगळं लिवतो. मदी थांबलो तर परत लिवनं हुनार न्हाय.

पक्कड माजी हाय. बावीस वरसं मीच करतोय. आमच्या कारखान्यातली बी, शेजारच्या बी. लोक बोलवून नेत्यात, आबासाहेबाचा हात हलका म्हनत्यात. मला त्याचा मोटेपना वाटायचा. धनलक्ष्मीला धोटा लागला तवा मी दारातच हुतो. सुट्टी न्हवती. पोरगी रगतानं भरल्याली पत्रकं गोळा करत हुती, एक माज्या पायापाशी पडलं हुतं. ते बी वाकून दिलं न्हाय.

धा तारखंला सकाळी अण्णा म्हनला, मांजरं घालवून ये. पाच हुती. ती दोन पोत्यांत घातली आन् फटफटीवर कुंभारीच्या पल्याड माळावर नेली. तितं बांदावर कडूलिंब हाय. मला वाटलं, सावली हाय, घुशी हायत, जगतील. पोती सोडली. फटफटीला किक मारतोय तवर कुत्री आली, सा-सात, उकिरड्यावरची, मोकाट.

मांजरं झाडाकडं पळाली, पाचीच्या पाची. एक बारकी हुती, तिचं आजून केलं न्हवतं. ती सरसर वर गेली. बाकीच्या चौघी खोडावर उड्या मारत हुत्या. मिठी मारायच्या आन् खाली घसरायच्या. परत उडी, परत खाली. पंजे खोडाला लागत हुते, धरत न्हवते. काळीला कुत्र्यानं कमरंत धरून झटकली. मोडल्याचा आवाज मला आला न्हाय, पर मोडल्यालं दिसलं. दुसरीला दोघांनी दोन बाजूंनी वडलं, पोट फाटलं. तिसरी उतानी पडून पुडच्या पायांनी कुत्र्याच्या तोंडावर मारत हुती. बोचकारायला बघत हुती गं. नुस्त्या थापट्या बसत हुत्या. कुत्रं तोंड बी बाजूला करत न्हवतं.

मी काठी घिऊन आत शिरलो. एका कुत्र्याचं डोस्कं फोडलं, त्ये जाग्यावर मेलं. एकानं माजी पोटरी धरली. ती सोडवतोय तवर चौथी बी गेली.

कुत्री पांगल्यावर मी तितंच बसलो. काळीचा मागचा पाय हातात घेतला. मागची नखं आमी काडत न्हाय. खिशातल्या चाकूनं बोट उकललं. तुजा फोटू खरा हाय. मूळ न्हाय. सांदा हाय, शीर हाय, हाड हाय. माजं नख वाकडं आलं म्हनून मी जनावरावर उपकार करतोय समजत हुतो, आन् बावीस वरसं हाडं तोडत हुतो. साठ-सत्तर जनावरं तरी झाली आसतील.

बारकी वरच हुती. दोन तास बोलवलं. आली न्हाय.

पोटरीला इंजिक्शनं चालू हायत. तू ज्याची पेरं मोडनार हुतीस त्यो मी हाय.

आबासाहेब

करकंब
२८ मार्च

मामा,

पत्र पोचून आठ दिवस झाले. पहिले दोन दिवस मी दवाखान्यात गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी एक माणूस दारातच म्हशीला काठीनं मारत होता, मी त्याच्या कानाखाली ठेवून दिली. परत एक दिली. लोकांनी धरलं मला. त्याची चूक होती, पण तेवढी नव्हती. ती दुसरी तुमची होती.

त्या चार मांजरांचं पाप माझ्याही माथी आहे. तारीख मी लिहिली. धनलक्ष्मीला सगळं वाचून दाखवलं. टाके काढलेली भुवई चोळत ती म्हणाली, तुझे मामा आहेत, तू ठरव.

मी ठरवलं. तुमची तिन्ही पत्रं तक्रारीला जोडली. एकवीस जानेवारीचं, नऊ फेब्रुवारीचं आणि हे. मांजरं सापडली नाहीत, पण तुमचं अक्षर सापडलं. तुमचं नाव दिलं, अण्णांचं दिलं. मल्लिनाथची तक्रार धनलक्ष्मीनं वेगळी दिलीय. तुम्हाला बोलावणं येईल.

माफ करा असं मी लिहिणार नाही. याच हातांनी तुम्ही मला भाकरी कुस्करून दिलीत. ताप आला की याच हातांनी कपाळ चेपलंत. सकाळी कारखान्यात पोत्यातून पंजा बाहेर काढायचा आणि घरी येऊन माझी वेणी घालायची, हे एकाच माणसानं कसं केलं, याचा विचार करून माझं डोकं फुटायची वेळ आलीय. तुमचा इतका राग येतो की ओरडावंसं वाटतं, आणि लगेच पोटरी आठवते. इंजेक्शनं पाच असतात. एकही चुकवू नका. कुत्रं पिसाळलेलं असलं तर मरण फार वाईट येतं, मी जनावरांत बघितलंय.

पेरं मोडीन म्हणाले होते, ते माझ्यानं होणार नाही. त्याचाही राग येतो. दिवाळीला मी येणार नाही. मामींना काय सांगायचं ते तुम्हीच सांगा.

वैजयंती

कुंभारी
२२ एप्रिल

वैजू,

पाची सुया झाल्या. मामीला सगळं सांगितलं. दोन दिवस ती माज्याशी बोलली न्हाय, मग चार दिवस तुज्या नावानं बोटं मोडली, घरचं भायेर नेलं म्हनून.

तुमा दोघींच्या तक्रारी गेल्या तसं मल्लिनाथाच्या भावांनी मला चौकात धरलं. फटफटी पेटवून दिली. दोन बरगड्या मोडल्या, दात पडला. मी हात उचलला न्हाय. हे तुला दया यावी म्हनून लिवत न्हाय, दुसऱ्याकडनं कळंल म्हनून लिवतो.

मी आंथरुनावर आसताना अण्णाचा वकील घरी आला. कागदावर सगळं लिवून आनलं हुतं, मला वाचाया दिलं. अक्षर माजं न्हाय म्हनायचं. भाचीनं घरच्या भांडनातनं खोटी पत्रं लिवली म्हनायचं. तिची सरकारी नोकरी जाईल, माजी कारखान्यातली ऱ्हाईल. सही केली की झालं. मामीनं त्याच्यासाटी च्या ठेवला हुता. तिनं त्यो मोरीत वतला, कागद फाडला आन् त्याला भायेर काडला. मी उटायच्या आदी. त्यो गेल्यावर म्हनली, पोरीवर मी रागावंन, दुसऱ्यानं तिचं नाव घ्यायचं न्हाय.

परवा ठान्यात गेलो. साहेबानं तिन्ही पत्रं टेबलावर मांडली. अक्षर कुनाचं? म्हनलं, माजं. तक्रार देनारी तुमची कोन? म्हनलं, भाची. सख्खी? म्हनलं, भनीची लेक, आट वरसाची आसल्यापासनं माज्या घरात वाडली, सख्खी म्हनत्यात ती आनी कशाला. साहेब म्हनला, मग तुमी मिटवत का न्हाय? म्हनलं, मिटवन्यासारकं ह्यात कायबी न्हाय, तिनं खरं लिवलंय, मी बी खरं लिवलंय. अण्णा तिकडं बाकड्यावर बसून म्हनत हुता की आमी कदी सांगितलंच न्हाय, ह्या मानसाला नादच हाय. साहेबानं दोनी लिवून घेतलं.

शेजारच्या कारखान्यांतले तिगं जॉबर घरी आले हुते, आमची बी नावं घालनार का इचारायला. त्यांच्याम्होरं तुजा फोटू धरला आन् काळीच्या पायाचं सांगितलं. दोघं आई-भैनीवरनं शिव्या दिऊन गेले. एक बसून ऱ्हायला. जाताना त्यानं त्याची पक्कड माज्या उंबऱ्यावर ठेवली.

सोबत यादी हाय. मामी आन् मी बसून आटवली. कंचं साल, कंचा कारखाना, कंच्या रंगाचं. त्रेसट भरली. काईंचा रंग ध्यानात न्हाय, त्यांच्याम्होरं नुस्तं मांजर लिवलंय. साहेबाला बी एक प्रत दिली. त्यो म्हनला, येवडं कुनी इचारलं न्हवतं. म्हनलं, घ्या.

केस उबी ऱ्हाईल तवा तुला बोलवतील. तितं मी समोर आसनार, बरगड्या धरून. माज्याकडं बघून आडखळू नगंस. पोतं सांग, पक्कड सांग, माळावरचं सांग. मामा हाय म्हनून एक मांजर कमी सांगू नगंस.

आबासाहेब